जाणते वय

चेन्नईला मद्रास म्हणत, त्या काळातील ही गोष्ट आहे. शहरात चामड्याचा व्यापार करणारे गायतोंडे नावाचे एक महाराष्ट्रीय कुटुंब राहत होते. दरवर्षी आरोग्य अधिकारी त्यांच्या घरी येई आणि मुलांना लस टोचून जाई. अनेक भावांमध्ये सुनीती ही एकटीच बहीण. हातावर सुई टोचून घेण्याची हौस कोणत्याही मुलाला नसते. तरीही या वार्षिक भेटींमुळेच आपल्याला वैद्यकशास्त्राची ओढ लागली, असे सुनीतीबाईंनी मोठेपणी एका मुलाखतीत सांगितले. दाराशी आलेला आरोग्य अधिकारी लहान मुलाच्या मनात काय पेरून जातो, याची कल्पना त्याला स्वतःलाही नसावी.

सुनीती गायतोंडे मद्रास मेडिकल कॉलेजात शिकून डॉक्टर झाल्या. हृदयशल्यचिकित्सक व्हिक्टर सॉलोमन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. परदेशात काही वर्षे काढून १९७३ मध्ये हे दांपत्य परत आले. आपल्या कामाची गरज भारतात अधिक आहे, असे सुनीतीबाईंचे मत होते. पुढे त्या मद्रास मेडिकल कॉलेजातच सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या. त्यांच्या विभागात १९८५-८६ मध्ये जे घडले ते वैद्यकाच्या इतिहासात नोंदले गेले आहे. ‘आरोग्य-साक्षरता’ हा शब्द अलीकडे आपण वारंवार ऐकतो. त्याचा खरा अर्थ समजून घ्यायचा असेल, तर त्या घटनेपासून सुरुवात केलेली बरी.

१९८१ मध्ये अमेरिकेतील डॉक्टरांना काही तरुण रुग्णांमध्ये एक विचित्र आजार दिसला. शरीराची रोगाशी लढण्याची शक्तीच त्यात नाहीशी होत होती. या आजाराला पुढे एड्स हे नाव मिळाले आणि त्याला कारण होणारा एचआयव्ही हा विषाणूही सापडला. भारतातील वर्तमानपत्रे या बातम्या छापत होती. पण हा रोग ‘त्यांचा’ आहे, आपल्या संस्कारी समाजात तो येणार नाही, अशी बहुतेकांची खात्री होती. मुंबईसारख्या शहरातही तो आढळला नाही, तर परंपरा जपणाऱ्या मद्रासमध्ये कुठून आढळणार, असा प्रश्न शिकलीसवरलेली माणसेही विचारत.

सुनीतीबाईंनी आपली पदव्युत्तर विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांना हाच विषय प्रबंधासाठी सुचवला. निर्मला तेव्हा बत्तीस वर्षांच्या, दोन मुलांच्या आई. लहान गावातून, सोवळ्या वळणाच्या घरातून आलेल्या. प्रथम त्यांनी नकारच दिला. मग पतीने धीर दिला, तेव्हा त्या तयार झाल्या. देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांना ज्या सुधारगृहात ठेवत, तेथे जाऊन त्यांनी रक्ताचे नमुने गोळा केले. हातमोजे नव्हते, नमुने साठवण्याची नीट सोय नव्हती. रक्तद्रवाच्या बाटल्या निर्मलाबाईंच्या घरच्या फ्रिजमध्ये ठेवाव्या लागल्या. मद्रासमध्ये तपासणीची व्यवस्था नसल्यामुळे त्या बाटल्या घेऊन त्या वेल्लूरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात गेल्या. फेब्रुवारी १९८६ मध्ये तेथे झालेल्या तपासणीत सहा नमुन्यांचा रंग बदलला. अमेरिकेत पुन्हा पडताळणी झाली, तेव्हाही तोच निष्कर्ष निघाला. भारतात एचआयव्ही असल्याचा हा पहिला पुरावा होता.

या कथेतील एक तपशील सहसा दोन ओळींत संपवला जातो. मला मात्र तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. रक्त घेताना त्या स्त्रियांना एड्सचे नाव सांगितले गेले नव्हते. त्या निरक्षर होत्या, सांगितले असते तरी त्यांना ते समजले नसते, असे निर्मलाबाईंनी अनेक वर्षांनंतर प्रांजळपणे सांगितले. नेहमीच्या गुप्तरोगांची तपासणी चालली आहे, असे त्या स्त्रियांनी गृहीत धरले. संमतीचे आजचे नियम तेव्हा नव्हते, हे लक्षात घेतले पाहिजे. एका तरुण विद्यार्थिनीने अपुऱ्या साधनांनिशी केलेले ते धाडसच होते. परंतु ज्यांच्या रक्ताने साऱ्या देशाला सावध केले, त्यांना स्वतःला मात्र त्या रोगाचे नावही ठाऊक नव्हते, ही वस्तुस्थिती उरतेच.

त्या सहा जणींमध्ये तेरा वर्षांची एक मुलगी होती. तिला पळवून नेऊन या व्यवसायात ढकलण्यात आले होते. त्या मुलीने आपल्या आयुष्याची दिशा बदलली, असे सुनीतीबाई सांगत. तिच्या वयाची मुले शाळेच्या सातवी-आठवीत असतात.

आता आपण आपल्या विषयाकडे वळू. साक्षरता म्हणजे लिहिता-वाचता येणे, ही व्याख्या तुम्हाला परिचित आहे. आरोग्य-साक्षरता ही त्याहून थोडी वेगळी गोष्ट आहे. आपल्या प्रकृतीविषयीची माहिती मिळवणे, ती समजून घेणे, ती खरी की खोटी हे पारखणे आणि तिच्या आधारे योग्य तो निर्णय घेऊन तो अमलात आणणे, या सर्व क्षमता मिळून आरोग्य-साक्षरता होते. ही संज्ञा १९७४ मध्ये अमेरिकेत आरोग्यशिक्षणाच्या संदर्भात प्रथम वापरली गेली. २००० मध्ये डॉन नटबीम या अभ्यासकाने तिच्या तीन पायऱ्या सांगितल्या. सूचना वाचून त्यांचा अर्थ लावता येणे ही पहिली पायरी. डॉक्टरांशी, परिचारिकेशी, घरातील वडीलधाऱ्यांशी बोलून आपल्याला हवी ती माहिती काढून घेता येणे ही दुसरी. आणि मिळालेली माहिती तपासून पाहणे, आपल्या परिस्थितीत काय बदलायला हवे हे ओळखणे ही तिसरी. पदवीधर मनुष्य या तिन्ही पायऱ्यांवर अडखळू शकतो. ताप उतरताच औषधाच्या उरलेल्या गोळ्या कपाटात टाकून देणारे पुष्कळ सुशिक्षित लोक आपल्या पाहण्यात असतात. उलट, शाळेचे तोंड न पाहिलेली एखादी सुईण आपल्या अनुभवाने आणि विचारण्याच्या सवयीने पुष्कळ पुढे गेलेली असते.

एक साधे उदाहरण घेऊ. किशोरवयीन मुलामुलींना आठवड्यातून एकदा लोहाची निळी गोळी देण्याचा कार्यक्रम देशभर चालतो. शाळेत जाणाऱ्यांना ती शाळेत मिळते, शाळा सुटलेल्या मुलींना अंगणवाडीत. गरज किती आहे, ते आकड्यांवरून दिसते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार १५ ते १९ वयोगटातील ५९ टक्के मुलींमध्ये आणि ३१ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. गोळी मोफत आहे, दारात येते, तरीही कित्येक मुली ती तोंडात ठेवतात आणि बाई वळल्या की थुंकून टाकतात. का? कारण गोळी घेतल्यावर मळमळते, दुसऱ्या दिवशी शौचाला काळी होते आणि मुलगी घाबरते. आपल्या पोटात काही बिघडले, असे तिला वाटते. आईला सांगावे, तर आईही घाबरते. शेजारीण म्हणते, “सरकारी गोळ्या आहेत, मुली त्याने वांझ होतात.” गोळी बंद होते.

या मुलीला गोळीची माहिती नव्हती, असे म्हणता येणार नाही. ‘रक्त वाढते’ हे तिला फळ्यावर लिहून दिलेले असते आणि परीक्षेत ती ते अचूक लिहितेही. तिला न सांगितलेल्या गोष्टी निराळ्याच आहेत. लोहामुळे शौचाचा रंग काळा होतो आणि त्यात घाबरण्यासारखे काही नसते. गोळी उपाशीपोटी घेतली तर मळमळते, म्हणून ती जेवणानंतर घ्यावी. गोळीवर लगेच चहा प्यायला तर लोह अंगी लागत नाही. लिंबू किंवा आवळा खाल्ला तर ते अधिक चांगले लागते. एवढी चार वाक्ये मिळाली असती आणि ‘बाई, मला असे का झाले?’ हे विचारण्याची मोकळीक असती, तर ती गोळी पोटात राहिली असती. ज्ञान आणि आचरण यांच्यामधली वाट अशा लहानसहान गोष्टींनी बनलेली असते.

जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ या वर्षांना किशोरवय मानते. या वयात शरीर झपाट्याने बदलते, आणि मनाला नव्याची व धाडसाची ओढ लागते. पुढचा मागचा विचार करून स्वतःला आवरण्याची मेंदूची क्षमता मात्र विशीनंतरही पक्व होत राहते. मित्रांचे मत आईवडिलांच्या मतापेक्षा वजनदार ठरते. जेवणाच्या, झोपेच्या, खेळण्याच्या, व्यसनाच्या ज्या सवयी या काळात जडतात, त्यांतील पुष्कळशा जन्मभर पुरतात. त्यामुळे या वयातील आरोग्य-साक्षरता आणि आरोग्यविषयक वर्तन यांचा संबंध शोधण्याचा प्रयत्न अनेक देशांतील संशोधकांनी केला. २०१८ मध्ये अशा अभ्यासांचा एक आढावा प्रसिद्ध झाला. बहुतेक अभ्यासांत दोहोंचा संबंध आढळला: ज्यांची आरोग्य-साक्षरता अधिक, त्यांचे वर्तनही सामान्यतः अधिक हितकर. अर्थात संबंध आढळणे म्हणजे एक गोष्ट दुसरीचे कारण असणे नव्हे. ज्या घरात पुस्तके आहेत, पोटभर अन्न आहे आणि मुलांचे ऐकून घेणारी माणसे आहेत, तेथे दोन्ही गोष्टी एकत्रच वाढतात.

शिवाय नुसत्या माहितीने वर्तन बदलत नाही, याचा दाखला प्रत्येक पानटपरीवर मिळतो. तंबाखूच्या पुड्यांवर २०१६ पासून पंच्याऐंशी टक्के जागेत धोक्याचा इशारा आणि भयंकर चित्र छापलेले असते. ते चित्र पाहिले नाही असा मुलगा सापडणे कठीण. तरी २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत १३ ते १५ वर्षांच्या विद्यार्थ्यांपैकी ८.५ टक्के विद्यार्थी कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू वापरत असल्याचे दिसले. कर्करोग चाळिशीनंतरची गोष्ट वाटते. मित्रांच्या टोळक्यात ‘नको’ म्हणण्याची पंचाईत मात्र आज, या क्षणी समोर उभी असते. मुलाला कर्करोगाचे चित्र दाखवणारे पुष्कळ आहेत. चारचौघांत हसे न होता ‘नको’ कसे म्हणावे, हे शिकवणारे थोडे.

पुन्हा चेन्नईकडे येऊ. १९८६ नंतर सुनीतीबाईंनी मद्रास मेडिकल कॉलेजात स्वेच्छेने तपासणी करून घेणाऱ्यांसाठी समुपदेशनाची सोय उभी केली आणि १९९३ मध्ये वाय. आर. गायतोंडे एड्स संशोधन व शिक्षण केंद्र स्थापन केले. माहेरचे नाव आणि ‘शिक्षण’ हा शब्द, दोन्ही संस्थेच्या नावातच आहेत. औषध नव्हते त्या दिवसांत रोग्याला देण्यासारखे डॉक्टरकडे एकच होते: वेळ. समोर बसून बोलणे, कुटुंबाला समजावणे, एकत्र जेवल्याने वा एका घरात राहिल्याने हा रोग होत नाही हे पुन्हा पुन्हा सांगणे. पुढे तर एचआयव्हीबाधित तरुण-तरुणींची लग्ने जुळवण्याचे कामही त्या करू लागल्या. एखाद्या मावशीने पत्रिका पाहाव्यात, तसे त्या रक्तातील पेशींचे आकडे पाहून स्थळे सुचवत.

तमिळनाडू शासनानेही या प्रश्नाकडे पाठ फिरवली नाही. एड्स नियंत्रणासाठी १९९४ मध्ये तेथे स्वतंत्र संस्था स्थापन झाली. नंतर इतर राज्यांनी तोच कित्ता गिरवला. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत चेन्नईच्या रस्त्यांवर एक विलक्षण जाहिरात झळकली. मोठमोठ्या फलकांवर तमिळ भाषेत एकच प्रश्न होता: ‘पुली राजाला एड्स होईल का?’ हा पुली राजा कोण, हे कुठेच लिहिलेले नव्हते. बसमध्ये, चहाच्या दुकानात, कॉलेजच्या कट्ट्यावर लोक एकमेकांना विचारू लागले. पुली राजा म्हणजे बाहेर संबंध ठेवणारा, तरी ‘मला काय होणार’ असे मानणारा कोणताही सामान्य पुरुष, हे पुढच्या जाहिरातींतून उलगडले. काहींना ती जाहिरात उथळ वाटली, काहींना अश्लील. माझ्या मते तिने एक मोठे काम केले. जो शब्द घरात कोणी उच्चारत नव्हते, तो बापलेकांच्या समोर भिंतीवर आला आणि तोही प्रश्नाच्या रूपात. फर्मानासमोर माणूस मान खाली घालतो. प्रश्नावर तो बोलतो.

बोलणे सुरू झाले, तरी जाण आपोआप येत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ‘एचआयव्हीविषयी सर्वांगीण ज्ञान’ मोजण्याची एक कसोटी आहे. निरोधचा नियमित वापर आणि एकाच निरोगी, एकनिष्ठ जोडीदाराशी संबंध यांमुळे धोका कमी होतो, हे माहीत हवे. धडधाकट दिसणाऱ्या माणसालाही एचआयव्ही असू शकतो, हे माहीत हवे. आणि डास चावल्याने किंवा एकत्र जेवल्याने तो होत नाही, अशा रूढ गैरसमजांना नकार देता आला पाहिजे. एवढ्याच साध्या कसोटीला २०१९-२१ मध्ये १५ ते ४९ वयोगटातील सुमारे २२ टक्के स्त्रिया आणि ३१ टक्के पुरुष उतरले. १९८६ पासून तीन दशकांहून अधिक काळ लोटला होता. एड्सचे नाव तर जवळजवळ सर्वांच्या कानावर गेलेले आहे. हे नाव ऐकणे आणि त्याचा अर्थ कळणे, यांत किती अंतर असते ते या आकड्यांवरून ध्यानात येते.

हे अंतर शाळेत भरून निघावे, अशी अपेक्षा होती. २००५ मध्ये केंद्र सरकारने शाळांसाठी किशोरावस्था शिक्षण कार्यक्रम हाती घेतला. २००७ मध्ये अनेक राज्यांत त्याला तीव्र विरोध झाला आणि त्यांत महाराष्ट्रही होता. पुस्तकांतील चित्रे आणि भाषा मुलांना बिघडवतील, असा आक्षेप होता. पालकांची ही काळजी हसण्यावारी नेण्याजोगी नाही. आपले मूल अकाली मोठे होऊ नये, असे कोणाला वाटत नाही? तथापि युनेस्कोने जगभरातील संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा असे शिक्षण मिळाल्याने मुले लवकर लैंगिक संबंधांकडे वळतात, याला आधार सापडला नाही. ज्या मुलाला शाळा काही सांगत नाही, त्याला मोबाइलचा पडदा सारे काही सांगतो. तेथे वय विचारायला कोणी नसते आणि दाखवलेले खोटे की खरे, हेही कोणी सांगत नाही.

ही भीड महाराष्ट्राला नवी नाही. र. धों. कर्वे यांनी १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत एकाकी चालवले. वाचकांच्या लैंगिक शंकांना सरळ, शास्त्रीय उत्तरे देणे हा त्यांचा गुन्हा. त्यांच्यावर खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मांडली. ज्या शंका तेव्हा कर्व्यांना टपालाने येत, त्याच आज किशोरवयीन शिक्षणाच्या वर्गात ठेवलेल्या प्रश्नपेटीत सापडतात. नाव न लिहिता चिठ्ठी टाकायची, असा त्या पेटीचा नियम असतो. हात वर करून एकही प्रश्न न विचारणारा वर्ग या पेटीत चिठ्ठ्यांचा ढीग टाकतो. पाळीच्या दिवसांत पोटात दुखते तो आजार आहे का, झोपेत वीर्यपात झाला म्हणजे अशक्तपणा येतो का, अमुक माणूस अंगाला हात लावतो तर कोणाला सांगू. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे धीर देणारी आहेत आणि वर्गात देता येतात. शेवटचा प्रश्न वेगळा आहे. त्याला उत्तर देणाऱ्याने तेथेच थांबून चालत नाही.

येथे मला त्या तेरा वर्षांच्या मुलीची पुन्हा आठवण होते. समजा, तिला एचआयव्हीची सारी माहिती असती. निरोध म्हणजे काय, धोका कशात असतो, हे तिने वर्गात शिकलेले असते. तिला काय उपयोग होता? जिला ‘नाही’ म्हणण्याचीच मुभा नाही, तिच्या हाती माहिती देऊन आपण मोकळे होऊ शकत नाही. आरोग्य-साक्षरतेविषयी बोलताना हा भाग अनेकदा गाळला जातो आणि सारा भार मुलांच्या शहाणपणावर टाकला जातो. मुलाने काय खावे हे त्याला शिकवायचे, पण शाळेच्या दारात काय विकले जाते ते कोणी पाहायचे नाही. मुलीने लवकर मूल होऊ देऊ नये हे तिला सांगायचे, पण तिचे लग्न सोळाव्या वर्षी ठरवायचे, असे चालते. अत्याचारापासून मुलांचे रक्षण करणारा पॉक्सो कायदा २०१२ मध्ये झाला. संकटातील मुलांसाठी १०९८ हा मोफत क्रमांक आहे. तो क्रमांक मुलाला पाठ असणे ही साक्षरताच. पण फोन उचलणाऱ्याने, पोलिसाने, डॉक्टरने त्या मुलाला समजेल अशा भाषेत बोलणे, हाही तिचाच भाग आहे.

कायद्याने या बाबतीत काही पावले टाकली आहेत. २०१७ चा एचआयव्ही व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. एचआयव्हीची तपासणी करायची, तर त्या व्यक्तीला आधी समजावून सांगून तिची संमती घेतली पाहिजे, असे तो सांगतो. अज्ञान मुलाच्या बाबतीत ती पालकाकडून घ्यावी लागते. १९८६ मध्ये सुधारगृहातील स्त्रियांना जे मिळाले नव्हते, ते आज प्रत्येकाचा हक्क आहे. उपचारांचे चित्रही पालटले. १ एप्रिल २००४ पासून देशातील आठ सरकारी रुग्णालयांत एचआयव्हीवरील औषधे मोफत मिळू लागली. त्यांत चेन्नईजवळच्या तांबरमचे रुग्णालय होते. आज ही औषधे देशभर मोफत आहेत. ती रोज, न चुकता घेणाऱ्या व्यक्तीच्या रक्तातील विषाणू तपासणीत न दिसण्याइतके कमी होतात, आणि ते तसेच राहिले, तर तिच्याकडून जोडीदाराला शरीरसंबंधातून लागण होत नाही. किशोरवयीन रुग्णांच्या बाबतीत ‘रोज, न चुकता’ हे तीन शब्द सर्वांत अवघड जातात. वसतिगृहात मित्रांपासून गोळी लपवावी लागते, सहलीला जाताना डबी कुठे ठेवावी कळत नाही, पंधराव्या वर्षी ‘मीच का?’ हा प्रश्न गोळीहून कडू लागतो. येथेही गोळीचे नाव पाठ असून भागत नाही. ज्याच्याशी हे बोलता येईल असे एक तरी माणूस लागते.

याच कायद्यात एक कलम आहे, त्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. एखाद्या एचआयव्हीबाधित कुटुंबाचा कारभार अठरा वर्षांखालील मूल पाहत असेल, ते बारा वर्षांहून लहान नसेल आणि त्याला पुरेशी समज असेल, तर आपल्या लहान भावंडांचे पालक म्हणून त्याला काही व्यवहार करता येतात. दवाखान्यात नाव नोंदवणे, शाळेत दाखला घेणे, बँकेतील खाते पाहणे, अशी ती कामे आहेत. कायदा करणाऱ्यांनी ही तरतूद कल्पनेने केलेली नाही. ज्या घरांत आईवडील दोघेही गेले, तेथे अशी मुले होतीच.

तुमच्यापैकी कित्येकांनी घरच्या जबाबदारीमुळे शाळा सोडली असेल आणि आता पुन्हा पुस्तक हाती घेतले असेल. शाळेबाहेर राहिल्यामुळे निळ्या गोळीचा आठवडा चुकला, प्रश्नपेटीचा तास चुकला. दवाखान्यातून आणलेली औषधाची पट्टी वाचायला तुमच्या घरात कदाचित सातवीतला मुलगाच पुढे होत असेल. आजोबांची रक्तदाबाची गोळी आणि आजीची मधुमेहाची गोळी वेष्टनांवरून वेगळी ओळखून देणारी, मुदत संपल्याची तारीख बोटाने दाखवणारी अशी मुले गावोगाव आहेत. पुढच्या वेळी ती पट्टी तुम्ही स्वतः हातात घ्या आणि मुलाला शेजारी बसवा. औषधाचे नाव, मात्रा, तारीख, जेवणाआधी की नंतर, हे दोघांनी मिळून वाचा. न समजलेला शब्द कागदावर लिहून ठेवा आणि दवाखान्यात गेल्यावर तो डॉक्टरांना विचारा. तुम्ही विचारताना त्या मुलाला सोबत न्या.